फ्लूची पुढची साथ: प्लॅन तयार आहे, पण पहिली खबर देणार कोण?

पाषाणकर

नीती आयोगाचा सप्टेंबर २०२४ चा रिपोर्ट सवडीने वाचून काढला, पुढच्या महामारीची तयारी कशी करायची त्यावरचा. कोविडनंतर तज्ज्ञांची कमिटी नेमली होती त्यांचा आहे. वाईट अजिबात नाही. पहिले १०० दिवस महत्त्वाचे म्हणतात, आणीबाणीसाठी वेगळा नवा कायदा हवा, कॅबिनेट सेक्रेटरींच्या हाताखाली अधिकार असलेला सचिवांचा गट हवा, आयत्या वेळी फायली फिरवायला लागू नयेत म्हणून वेगळा निधी हवा, वगैरे. त्याच्या थोडं आधी ऑगस्ट २०२४ मध्ये राजस्थानात अजमेरला 'विषाणू युद्ध अभ्यास' नावाचं मॉक ड्रिल पण झालं, त्यात माणसांचे डॉक्टर, जनावरांचे डॉक्टर आणि वनखातं असे तिघं मिळून खोट्या साथीचा माग काढत होते. म्हणजे कागदावर आपण २००६ (बर्ड फ्लू) किंवा २००९ (स्वाइन फ्लू) पेक्षा बरेच पुढे आहोत हे मान्य.

माझा प्रश्न वेगळाच आहे. हे १०० दिवस मोजायचे कधीपासून? घड्याळ सुरू कोण करणार? रिपोर्टमध्ये आजार 'आढळल्यानंतर' काय करायचं ते पानंच्या पानं आहे, पण आढळतो कसा, म्हणजे कोणीतरी तोंड उघडून सांगतं तेव्हाच ना. आणि आपल्याकडचा आजवरचा अनुभव असा की जो आधी सांगतो तोच मार खातो. नंदुरबारकडचं नवापूर आठवतंय का? १८ फेब्रुवारी २००६ ला भोपाळच्या लॅबने एच५एन१ आहे म्हणून सांगितलं, देशातला पहिला बर्ड फ्लू. पण कोंबड्या त्याच्या कितीतरी आधीपासून मरत होत्या आणि सगळे राणीखेत (कोंबड्यांचा नेहमीचा रोग) राणीखेत म्हणत होते. राणीखेत म्हणणं सगळ्यांच्याच सोयीचं होतं, त्यात शेड रिकामी करावी लागत नाही.

फ्लूचं बोलतोय कारण या विषाणूचं वेळापत्रक जुनं आहे, १९१८, १९५७, १९६८, २००९. पाचवी येणार का हा प्रश्नच नाही. इथे डॉक्टर आहेत, पोल्ट्रीवाले आहेत, बाहेरदेशी राहणारे आहेत, आपापल्या बाजूने लिहा. राजकीय धुळवड नको प्लीज.

निवांत

वाचनखूण साठवली. लिहा लोकहो, वाचतोय.

अंडेवाला

नवापूरचं नाव निघालं म्हणून लिहितो, मी त्याच पट्ट्यातला, आमचं लेअर (अंड्याच्या कोंबड्यांचं) फार्म आहे. २००६ ला वडील बघायचे, मी कॉलेजला होतो.

राणीखेत म्हणत होते त्यात सगळा लबाडपणा नव्हता पाषाणकर, दोन्ही रोगांत लांबून सारखंच दिसतं, पक्षी मान टाकतो, तुरा निळा पडतो, अंडी घसरतात. खरं काय ते लॅबच सांगणार. पण हे पण खरं की कोणाला लॅबला पाठवायची घाई नव्हती.

तेव्हा फार्मपासून ३ किलोमीटरमधलं सगळं मारायचं होतं, आजारी असो नसो, आणि १० किलोमीटरपर्यंत पाळत. जेसीबीने खड्डे काढले, पांढरे सूट घातलेली माणसं आली, फेब्रुवारी असला तरी आमच्याकडे दुपारी त्या प्लास्टिकच्या सूटमध्ये माणूस उकडून निघतो, दर थोड्या वेळाने बाहेर येऊन पाणी प्यायचे आणि परत आत जायचे. त्यांना टॅमीफ्लूच्या (फ्लूवरचं औषध) कॅप्सूल द्यायचे, पुढचे काही दिवस ताप येतो का बघायचे. पक्षी पोत्यात भरायचे, खड्ड्यात टाकायचे, वर चुना. अंडी, खाद्य, लिटर (शेडमध्ये खाली अंथरलेला भुसा) सगळं त्याच खड्ड्यात. खाद्याच्या गोण्या आदल्या आठवड्यात उधारीवर आणलेल्या होत्या, त्या पण गेल्या.

आता मुद्द्याचं. भरपाई कशाची मिळते? सरकारी माणसाने मारलेल्या पक्ष्याची. रोगाने मेलेल्याची नाही. अर्धे पैसे केंद्र अर्धे राज्य देतं, पण मोजणी सुरू होते त्या दिवशी जेवढे जिवंत तेवढ्यांचेच. एका शेडमध्ये १० हजार पक्षी आहेत आणि मी फोन केल्यापासून सॅम्पल भोपाळला जाऊन रिझल्ट येईपर्यंत त्यातले ४ हजार मेले तर ते माझे. वर नंतर शेड धुवून, फवारणी करून, सर्टिफिकेट मिळेपर्यंत नवीन पुलेट (अंड्यावर यायच्या तरुण कोंबड्या) भरता येत नाहीत, बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. आणि आजूबाजूचे पोल्ट्रीवाले तोंड बघत नाहीत, कारण माझ्या फोनमुळे त्यांचे निरोगी पक्षी खड्ड्यात गेले.

२०२१ ला परत आला नवापुरात. तोपर्यंत नियम बदलून मारायचं क्षेत्र १ किलोमीटरवर आणलं होतं, ते शहाणपणाचं झालं. पण फार्म एकमेकाला चिकटून असले की १ किलोमीटरमध्ये पण लाखो पक्षी येतात. मरतुक वाढली की आजही पहिला फोन जातो तो औषध कंपनीच्या डॉक्टरला. सरकारी दवाखान्याला शेवटी.

शंकासुर

दरवेळी फ्लू येणार फ्लू येणार म्हणून घाबरवायचं आणि मग कोणाच्यातरी गोळ्या खपवायच्या हा धंदा आहे असं माझं स्पष्ट मत. ब्रिटनने ४२४ मिलियन पौंडांचा टॅमीफ्लू साठवला होता. मग २०१४ ला कॉक्रेनवाल्यांनी (औषधांचे पुरावे तपासणारी संस्था) सगळे ट्रायल तपासून सांगितलं की मोठ्या माणसांत लक्षणं साधारण १७ तास आधी कमी होतात, बस. अर्ध्या अब्जाच्या आसपास पैसे देऊन १७ तास. २००९ ची साथ पण शेवटी सौम्यच निघाली ना जगभर? पुण्यात मात्र लोक दुपट्टे बांधून, कापूर-वेलचीच्या पुरचुंड्या हुंगत फिरत होते.

तयारी म्हणजे खरेदी, हे समीकरण आधी मोडा.

डॉ_खोकला

शंकासुर, कॉक्रेनचा आकडा बरोबर आहे. पण तो धडधाकट माणसांचा. गरोदर बाई किंवा दम्याचा पेशंट न्यूमोनियात जातोय आणि पहिल्या ४८ तासांत औषध सुरू केलं तर फरक पडतो असा वॉर्डातला अनुभव आहे, तशा पेशंटवर ट्रायल करणं नैतिकदृष्ट्याच अवघड असतं त्यामुळे पुरावा निरीक्षणांचा आहे, तेवढं कमीजास्त धरा. आणि 'सौम्य' कोणासाठी? २००९ मध्ये गेले त्यातले बरेच साठीच्या आतले होते. म्हातारे वाचले कारण त्यांनी लहानपणी तसलाच जुना एच१एन१ (स्वाइन फ्लूच्याच जातीचा विषाणू) भोगलेला होता.

आता पुण्यातलं. मी तेव्हा इथेच रेसिडेन्सी करत होतो. देशातला पहिला मृत्यू पुण्यात, ३ ऑगस्ट २००९, १४ वर्षांची शाळकरी मुलगी. त्यानंतर शहराचं जे झालं ते सगळ्यांना आठवत असेल, शाळा बंद, थिएटर बंद, मॉल बंद. टेस्ट करणाऱ्या लॅब सुरुवातीला देशात दोनच, दिल्लीची आणि आपली पुण्याची एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था). औषध फक्त सरकारी हॉस्पिटलात. प्लॅनप्रमाणे हे बरोबरच होतं, प्रायव्हेटला औषध मोकळं सोडलं असतं तर लोकांनी बडीशेपेसारखं खाल्लं असतं आणि विषाणू त्याला सरावला असता. पण परिणाम काय झाला? फॅमिली डॉक्टरकडे गेलेला पेशंट, त्याच्याकडे टेस्ट नाही, औषध नाही, दोन दिवस पॅरासिटामॉलवर काढले, मग लाईनीत उभा राहिला, आणि लाईनीत ज्याला नव्हता त्याला पण मिळाला.

त्यातनं एक चांगली गोष्ट मात्र निघाली, कॅटेगरी ए बी सी. साधा ताप-खोकला तर ए, घरी बसा, टेस्ट नाही, टॅमीफ्लू नाही. ताप जास्त किंवा जोखमीचा पेशंट तर बी, टेस्टची वाट न बघता गरजेप्रमाणे औषध. धाप, छातीत दुखणं, बीपी पडणं, ओठ निळे, तर सी, ताबडतोब भरती आणि टेस्ट. त्या एका पानाने गर्दी कमी झाली. आजही तेच वापरतो. महामारीच्या प्लॅनमधलं सगळ्यात उपयोगी पान कुठलं विचाराल तर मी ते सांगेन, एक रुपयाची खरेदी नाही त्यात.

पहिली खबर कोण देणार याबद्दल, आमच्या बाजूचं सांगतो. माझ्याकडे पावसाळ्यात रोज तापाचे इतके पेशंट येतात की त्यातला विचित्र कोणता हे ओळखायला टेस्ट लागते, टेस्टला हजारो रुपये लागतात आणि ए कॅटेगरीचा पेशंट ते का देईल? त्यामुळे प्रायव्हेट क्लिनिकमधून खबर जातच नाही. जाते ती आयसीयूतून. म्हणजे उशिरा.

पाषाणकर

अंडेवाला, डॉक्टर, दोघांचेही आभार, असंच हवं होतं. म्हणजे शेतकऱ्याने सांगितलं तर त्याचा फार्म जातो आणि डॉक्टरला सांगण्यासारखं काही दिसतच नाही. मग उरलं कोण?

तालुका_ताई

उरलो आम्ही :) प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे, कुठल्या जिल्ह्यात ते विचारू नका.

आयडीएसपी, म्हणजे सरकारचा साथींवर पाळत ठेवायचा कार्यक्रम, २००४ पासून आहे. एस फॉर्म एएनएम (उपकेंद्रातली नर्स) भरते लक्षणांवरून, पी फॉर्म डॉक्टर भरतात, एल फॉर्म लॅबचा. आता कागद नाहीत, आयएचआयपी नावाच्या सरकारी पोर्टलवर रोज टाकायचं, २०२१ पासून. ऐकायला छान. पण एएनएमने ताप-खोकला २५ लिहिले की वरून कोणी विचारत नाही, ६० लिहिले की फोन येतो, एवढे कसे, सर्व्हे करा, सॅम्पल पाठवा, रिपोर्ट द्या, टीम येतेय जेवणाचं बघा. तीच एएनएम, लसीकरण तिचं, गरोदर बायकांची नोंद तिची, डेंग्यूच्या अळ्या बघायच्या तिनेच. ती पुढच्या वेळी किती लिहील? मी कोणाला दोष देत नाहीये, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतेय, जास्त आकडा लिहिणाऱ्याला शिक्षाच होते इथे पण.

दुसरं, जनावरांचा दवाखाना आमच्यापासून चालत पाच मिनिटांवर आहे. त्यांच्याकडे कोंबड्या मेल्याची खबर आली तर ती आमच्याकडे यायचा सरळ रस्ता नाही. त्यांची ती त्यांच्या जिल्हा ऑफिसला, तिथून पुण्याला आयुक्तालयात, तिथून मंत्रालयात, तिकडे दोन खाती बोलणार मग आमच्या डीएचओंना (जिल्हा आरोग्य अधिकारी) पत्र, मग मला. आमच्या इथले पशुधन विकास अधिकारी चांगले आहेत म्हणून आम्ही चहाला भेटतो आणि बोलतो, एवढाच आमचा 'वन हेल्थ' (माणूस, जनावर, जंगल यांचं आरोग्य एकत्र बघणं).

आणि आशा. गावात कावळे पडले, कोंबड्या मेल्या, कोणाच्या घरी सगळे एकदम आजारी, हे सगळ्यात आधी तिला कळतं. २०२५ च्या जानेवारीत उदगीरला कावळे मेले तेव्हा लोकांच्याच लक्षात आलं ना आधी. पण आशाला बरेचसे पैसे कामागणिक मिळतात. बाळंतपणाला नेलं अमुक, लसीला आणलं तमुक. 'काहीतरी विचित्र दिसलं म्हणून कळवलं' असं त्या यादीत काही ठळक दिसत नाही मला.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्या नागपूरचं राहूनच गेलं. डिसेंबर २०२४ ला गोरेवाड्यात तीन वाघ आन् एक बिबट्या मेले, भोपाळनं सांगितलं एच५एन१. वाघ बे! कोंबडीचा रोग वाघाला. खाण्यातून गेला असल असंच सगळे म्हनत होते. झू बंद केलं, कर्मचाऱ्यांच्या टेस्ट झाल्या.

आता गंमत अशी का ज्या राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेचं एवढं नाव घेतात तिचं भूमिपूजन डिसेंबर २०२२ ला आमच्याच नागपुरात झालं होतं. माणसाचा, जनावराचा आन् जंगलाचा रोग एकाच छताखाली पाहायचा म्हणून. म्हणजे परीक्षेचा पेपर घराच्या दारात येऊन पडला न् कॉलेजची बिल्डिंग बांधणं सुरूच.

मावळतीकडे

कॅलिफोर्नियातून. इथे सगळं व्यवस्थित असेल असं वाटत असेल तर सांगते.

मार्च २०२४ मध्ये टेक्सासकडच्या गाईंमध्ये एच५एन१ सापडला. गाईंमध्ये! दूध घट्ट पिवळं व्हायला लागलं, गाई कमी खायला लागल्या, आणि गोठ्यातल्या मांजरी मेल्या, त्यावरून व्हेटरिनरी डॉक्टरांना संशय आला. म्हणजे पहिली खबर मांजरींनी दिली म्हणायची. देशभर टँकरचं दूध तपासायचा कार्यक्रम जाहीर झाला डिसेंबर २०२४ मध्ये, आणि त्याच महिन्यात आमच्या राज्यात आणीबाणी. पाश्चराइज केल्यावर विषाणू मरतो त्यामुळे पिणाऱ्याला धोका नाही, धोका धारा काढणाऱ्यांना, डोळ्यात दूध उडून डोळे लाल व्हायचे. ते मजूर बहुतेक मेक्सिकोकडचे, बऱ्याच जणांकडे कागदपत्रं नाहीत, सुट्टी घेतली तर त्या दिवसाचा पगार नाही. कोण जाणार टेस्टला? अंडेवाल्यांनी लिहिलंय तेच, फक्त कोंबडीच्या जागी माणूस घाला.

याउलट फिनलंडने २०२४ च्या उन्हाळ्यात फर फार्मवर आणि पोल्ट्रीत काम करणाऱ्यांना सरळ बर्ड फ्लूची लस द्यायला सुरुवात केली. छोटा देश आहे, जमलं. इथे मे २०२५ मध्ये बर्ड फ्लूच्या एमआरएनए लशीसाठी दिलेला करोडो डॉलरचा करारच सरकारने रद्द केला. असो, राजकारण नको म्हणालात.

जुनीपुराणी

१९१८ चं थोडं, कारण आपल्याकडे फ्लूचा प्लॅन म्हटलं की लोक स्पॅनिश फ्लू म्हणून युरोपचे फोटो टाकतात आणि जगात सगळ्यात जास्त माणसं आपली मेली हे विसरतात. १ कोटी २० लाख ते १ कोटी ८० लाखाच्या दरम्यान अंदाज आहेत.

मुंबईत १० जून १९१८ ला पोलिसांतले सात शिपाई तापाने हॉस्पिटलात भरती झाले, त्यातला एक गोदीवर ड्युटीला होता. मलेरिया नाही एवढंच कळलं. ही पहिली लाट, जोरदार पण माणसं फार मारणारी नाही. मग सप्टेंबरात दुसरी आली ती भयानक, ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ माणसं गेली. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महाग, लोक आधीच अर्धपोटी. आणि मुंबईत मेले कोण ते बघा, दर हजारी युरोपियन ८.३, पारशी ९, आणि ज्यांना तेव्हाच्या नोंदीत खालच्या जातीचे हिंदू म्हटलंय ते ६१.६. विषाणू तोच होता, खोल्या वेगळ्या होत्या.

पाषाणकरांच्या प्रश्नाकडे येते. तेव्हा कायदा होता १८९७ चा साथरोग कायदा, मुंबईच्या प्लेगसाठी घाईघाईत केलेला. त्यात सरकारला काय काय करता येईल ते आहे, लोकांना काय मिळेल ते नाही. रँडच्या पुण्यात तोच कायदा वापरला, घराघरात सोजीर घुसवले, आणि लोकांनी प्लेगचे रोगी माळ्यावर, गोठ्यात लपवायला सुरुवात केली. लपवलं की साथ वाढते, वाढली की सक्ती वाढते. २००९ ला पुण्यात तोच कायदा लावला, २०२० ला देशभर तोच, आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला केला तर शिक्षा एवढी भर घालून. म्हणजे सव्वाशे वर्षं झाली तरी आपला साथीचा कायदा लपवणाऱ्याला धमकावतो, सांगणाऱ्याला काही देत नाही. नीती आयोगाने नवा कायदा सुचवलाय त्यात हे आलं तर बरं, नाहीतर जुनंच कलम नव्या नंबराने.

शंकासुर

जुनीपुराणी, हा प्रतिसाद आवडला. हे पटतंय. पण मग लशीचं काय, सगळे शेवटी तिथेच येतात.

पाषाणकर

लशीचं मी लिहितो, घर एनआयव्हीच्या आवारापासून जवळ असल्यामुळे उगाच आपुलकी आहे :) ती संस्था १९५२ ची, आयसीएमआर आणि रॉकफेलर फाउंडेशनने काढलेली, आणि पाषाणच्या आवारात बीएसएल ४ लॅब आहे, सगळ्यात धोकादायक विषाणू हाताळायची.

२००९ चं वेळापत्रक बघा. ११ जून २००९ ला डब्ल्यूएचओने महामारी जाहीर केली. आपली लाट ऑगस्टपासून. देशात बनलेली पहिली लस अहमदाबादच्या झायडसची, जून २०१०. सीरमची नाकात मारायची नेझोव्हॅक जुलै २०१०. आणि १० ऑगस्ट २०१० ला डब्ल्यूएचओ म्हणालं महामारी संपली. वर्षभरात लस हे तेव्हाच्या मानाने वेगवानच होतं, बहुतेक गरीब देशांना तेवढंही मिळालं नाही, श्रीमंतांनी आधीच करार करून ठेवले होते. पण आपल्या पहिल्या लाटेला ती उपयोगी पडली नाही.

आणि एक मजेशीर अडचण आहे. जगातली बहुतेक फ्लूची लस अजूनही कोंबडीच्या अंड्यात वाढवतात. साधी अंडी नाहीत, खास रोगमुक्त किंवा निदान फार काटेकोर फार्मवरची फलित अंडी. आता पुढची महामारी बर्ड फ्लूचीच आली तर आधी मरणार कोंबड्या, म्हणजे लशीचा कारखानाच आजारी! नाकातल्या जिवंत लशीला एका अंड्यात कितीतरी जास्त डोस निघतात, म्हणून डब्ल्यूएचओने विकसनशील देशांना ते तंत्र मिळवून दिलं होतं, सीरमने तेच केलं. पेशींमध्ये वाढवलेली किंवा एमआरएनए लस हा दुसरा रस्ता. आपल्या राष्ट्रीय प्लॅनमध्ये 'लस उत्पादन क्षमता' असा एक परिच्छेद असतो, मला वाटतं त्यातला पहिला प्रश्न अंडी कुठून आणणार हा हवा.

देशांचं पण माणसांसारखंच आहे बरं का. २००७ मध्ये इंडोनेशियाने बर्ड फ्लूचे नमुने डब्ल्यूएचओला द्यायचं थांबवलं, म्हणाले आम्ही विषाणू द्यायचा, तुमच्या कंपन्या लस करणार आणि ती आम्हालाच न परवडणाऱ्या भावात विकणार. त्यावर भांडून भांडून २०११ ला फ्लूपुरता करार झाला. आणि २० मे २०२५ ला जागतिक महामारी करार मंजूर झाला, त्यात म्हटलंय की कंपन्यांनी साथीच्या काळात होणाऱ्या उत्पादनातला २० टक्के माल डब्ल्यूएचओला द्यायचा, त्यातला निदान निम्मा फुकट. पण नमुने आणि लाभ यांच्या वाटपाचं परिशिष्ट तेव्हा मागे ठेवलं. नेमकं घोडं जिथे अडतं तेच.

निवांत

खूप माहितीपूर्ण धागा. अवांतर प्रश्न, आई ७२ वर्षांची, शुगर आहे. फ्लूची लस कधी द्यावी? काही जण ऑक्टोबर म्हणतात. मिळते कुठे?

डॉ_खोकला

अवांतर नाही, हाच प्लॅनचा भाग आहे. दरवर्षी ज्या देशात फ्लूची लस खपते त्याच देशात महामारीच्या वेळी कारखाना, कोल्ड चेन आणि टोचणारे हात तयार असतात.

ऑक्टोबर हा अमेरिका-युरोपचा महिना. महाराष्ट्रात फ्लू पावसाळ्यात चढतो, जुलै ते सप्टेंबर, काश्मीरमध्ये मात्र हिवाळ्यात. डब्ल्यूएचओ वर्षातून दोनदा लशीतले विषाणू ठरवतं, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिणेसाठी. आपण नकाशावर उत्तरेत, पण फ्लूच्या हंगामाने दक्षिणेच्या जवळ. म्हणून आईंना एप्रिल-मे मध्ये, त्या वर्षीची दक्षिण गोलार्धाची लस मागून घ्या, दुकानदार जुनी माथी मारतो, बॉक्सवरचं वर्ष बघा. दरवर्षी. आधी तुमच्या फिजिशियनना विचारा अर्थात. २०१५ ची स्वाइन फ्लूची साथ आली तेव्हा देशात ४२ हजारांवर केसेस आणि जवळजवळ ३ हजार मृत्यू झाले, त्यानंतर आपल्या राज्याने गरोदर बायका आणि डायबेटिस-बीपीवाल्यांना सरकारी दवाखान्यात फुकट द्यायला सुरुवात केली. स्टॉक असतो का हे जवळच्या दवाखान्यात फोन करून बघा. बाकी देशभर मोठ्यांसाठी असा नियमित कार्यक्रम नाही, हे माझ्या मते प्लॅनमधलं सगळ्यात मोठं भोक.

तालुका_ताई

स्टॉक असतो आणि लोक येत नाहीत हे पण लिहा डॉक्टर. गरोदर बाईची सासू म्हणते कशाला अजून एक सुई.

पाषाणकर

बरं, नुसतं रडत बसण्यापेक्षा एक ठोस सूचना मांडतो, कापाकापी करा. नवा कायदा येईल तेव्हा त्यात तीन गोष्टी हव्यात. फोन केल्यापासून मेलेल्या पक्ष्यांचीही भरपाई. जास्त आकडा कळवणाऱ्या केंद्राला चौकशीऐवजी जादा माणूस. आणि आशाच्या यादीत 'खबर' हे काम, खबर खोटी निघाली तरी पैसे.

शंकासुर

तिसऱ्याचा गैरवापर होईल. रोज एक कावळा मरेल.

तालुका_ताई

मरू दे की. १०० खोट्या खबरींचा खर्च एका खड्ड्यापेक्षा कमीच येईल. आणि आशाला खोटं सांगायला वेळ आहे असं वाटतं का तुम्हाला?

अंडेवाला

पहिल्या कलमात एक दुरुस्ती. मेलेल्या पक्ष्याचे पूर्ण पैसे देऊ नका, निम्मे द्या. पूर्ण दिले तर उन्हाळ्यात उष्माघाताने मेलेले पण काही लोक बर्ड फ्लूत घालतील, मला माझी लाईन माहितीय. पण तारीख फोनची धरायची, भोपाळच्या रिपोर्टची नाही, आणि त्या फोनची पावती मेसेजने आली पाहिजे, नाहीतर उद्या साहेब म्हणणार तुम्ही कळवलंच नव्हतं. हप्त्याला शेड भरेपर्यंत मुदत, व्याज लावा हवं तर. एवढं लिहून दिलं तर आमच्या पट्ट्यातला माणूस कंपनीच्या डॉक्टरच्या आधी सरकारी नंबर फिरवेल. आणि तो नंबर रविवारी पण कोणीतरी उचलला पाहिजे, मरतुक सुट्टी बघून येत नाही.

जुनीपुराणी

+१, पावतीचं तर आधी लिहा.